डावीकडून सातवी बरणी

माझी चूक आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की मुलीने ती सोयीस्करपणे गाळली. बाबांच्या दुकानातल्या बरण्या मी हलवल्या. कुणी सांगितलं नव्हतं, मी कुणाला विचारलं नव्हतं. फळी छान दिसावी, एवढंच डोक्यात होतं.

बाबांचं दुकान म्हणजे बाबा जिथे कामाला आहेत ते. मालक वेगळे. तिथे भिंतींचे रंग मिळतात. गिऱ्हाईक कार्डावरून रंग निवडतं. मग बाबा वहीत त्या कार्डाचा नंबर शोधतात, मागच्या फळीवरच्या नऊ बरण्यांमधला दाट रंग मापाने पांढऱ्या रंगाच्या बादलीत घालतात आणि फळकुटाने ढवळतात. झाकण ठोकायच्या आधी बादली गिऱ्हाइकापुढे ठेवून विचारतात, "बघून घ्या. हाच ना?" दाखवल्याशिवाय झाकण ठोकायचं नाही, हा त्यांचा नियम. बावीस वर्षांत एकही बादली परत आलेली नाही, असं मालक दारात उभ्या असलेल्या मांजरालासुद्धा सांगतात.

आता पुस्तकाचं. आमच्या चित्रकलेच्या बाईंनी नववीच्या आम्हा सगळ्यांना पहिलीच्या मुलांसाठी चित्रांचं पुस्तक करायला सांगितलं होतं. बारा पानं, एका पानावर दोन ओळी. चांगली पुस्तकं बांधून पहिलीच्या वर्गात ठेवणार होत्या, कायमची. मागच्या वर्षापर्यंत मी शेवटच्या बाकावर वहीच्या आड चित्रं काढणारी मुलगी होते. मग बाईंनी माझं एक चित्र फळ्याशेजारी लावलं आणि माझी मान अशी ताठ झाली की आई म्हणाली, उशी बदलून बघ. त्यामुळे हे पुस्तक माझंच निवडलं जाणार, याबद्दल वर्गात कुणाला शंका असलीच तर ती माझी नव्हती.

बाकीच्यांनी राक्षस घेतले, पऱ्या घेतल्या, एकाने तर बोलणारा फ्रीज घेतला. बाई म्हणाल्या, "राक्षस पाहिलाय का कुणी? घरात बघा जरा. घरात जेवढं असतं तेवढं गोष्टीतही नसतं."

मी घरात बघितलं आणि मला खजिनाच सापडला. बाबा. पुस्तकाचं नाव ठेवलं 'आमच्या बाबांच्या खोडी'.

एका पानावर बाबा टोमॅटो दाबून, हुंगून, कानाशी धरून बघतायत आणि शेवटी माझ्या चार वर्षांच्या बहिणीला विचारतायत, "पिकलाय का गं?" ही बहीण म्हणजे खोडरबर. माझं निम्मं बालपण तिने खोडून टाकलंय, म्हणून हे नाव. दुसऱ्या पानावर आई बाबांच्या मोज्यांना आतून दोऱ्याच्या गाठी मारतेय, एका जोडीला एक, दुसरीला दोन, तिसरीला तीन. आईला टापटिपीचं वेड आहे, असं मी खाली लिहिलं. एका पानावर खोडरबरने तेलखडूंचे नावं छापलेले कागद सोललेत आणि जन्मात कुणावर न चिडणारे बाबा चिडलेत. एका पानावर गिऱ्हाईक विचारतंय, "तुम्हाला कुठला बरा वाटतो?" आणि बाबा म्हणतायत, "भिंत तुमची, डोळे तुमचे." लोकांना हे फार आवडतं. इतका नम्र माणूस, कधी स्वतःचं मत लादत नाही.

सगळं डोळ्यांसमोर होतं. मी ते काढलं, रंगवलं, त्यावर पोट धरून हसले. आणि मला काही म्हणजे काही कळलं नाही.

शनिवारी शाळा अर्धा दिवस. पुढच्या पानावर दुकान हवं होतं, म्हणून मी रंगाची पेटी घेऊन तिकडे गेले. मालक बाहेरगावी होते. मी स्टुलावर बसून मागच्या फळीचं चित्र काढलं. तांबड्याशेजारी काळा, मग जांभळा, मग पिवळा, तपकिरीनंतर पारवा. बरण्यांवरची लेबलं ओघळांखाली कधीच गडप झाली होती. फळीच्या कडेला चाकूने पाडलेल्या खाचा होत्या, पहिल्या बरणीखाली एक, दुसरीखाली दोन, अशा शेवटपर्यंत. मला ते फळीचे दात वाटले, तेही काढले. पान पूर्ण करून लांब धरलं तर चिखल. हे रंग एकमेकांशेजारी बसवणाऱ्याला शिक्षाच व्हायला हवी. मी पान चुरगाळून कचऱ्याच्या टोपलीत टाकलं.

बाबा मागच्या खोलीत डबा खायला गेले. मी सगळ्या बरण्या फडक्याने लख्ख पुसल्या आणि तानापिहिनिपाजा उलटं लावलं. जांभळ्यापासून सुरुवात, मग पारवा, निळा, हिरवा, पिवळा, नारिंगी, सातवा तांबडा, आणि काळा-तपकिरी बिचारे शेवटी. कसली देखणी दिसत होती फळी. बाबा येऊन काय म्हणतात याची मी वाट पाहत बसले.

बाबा आले, हात पुसले, फळीकडे बघितलं. म्हणाले, "अरे वा, बरण्या पुसल्यास." बस, एवढंच. मी थोडी फुगले आणि नव्या पानावर वाकले. मागे बाबा वही उघडून पुटपुटत होते, "दोनशे चौदा. सातव्यातून चार मापं." फळकुटाचा आवाज येत राहिला. मी वर बघितलंच नाही.

पाचच्या सुमाराला दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. कोपऱ्यावरचा दवाखाना त्यांचा, माझी एक दाढ त्यांच्याकडे आहे. दवाखान्याच्या भिंतींसाठी त्यांनी फिकट हिरवा निवडला होता. पेशंटला शांत वाटावं म्हणून. रंगारी सकाळी सात वाजता येणार होता.

बाबांनी बादली पुढे ठेवली, झाकण उचललं. "बघून घ्या. हाच ना?"

डॉक्टरीणबाईंनी वाकून बघितलं. "हा कुणाचा?"

"तुमचाच. दोनशे चौदा, फिकट हिरवा."

"चेष्टा करताय का? हा गुलाबी आहे."

मी मान वर केली. बादलीत गुलाबी होता. थोडाफार नाही, उजेडामुळे वाटणारा नाही, शंका घ्यावी असाही नाही. हिरड्यांचा असतो तसा ठणठणीत गुलाबी.

बाबा हसले. "आत उजेड कमी आहे. दारात या." त्यांनी बादली उचलून दारात नेली, उन्हात ठेवली, स्वतः वाकले, फळकूट बुडवून वर काढलं. गुलाबी धार बादलीत पडत होती आणि माझे बाबा तिच्याकडे एकटक बघत म्हणाले, "आता बघा. अगदी कार्डासारखा हिरवा."

'पायाखालची जमीन सरकणे, वाक्यात उपयोग करा' हे आम्हाला दर परीक्षेत येतं आणि मी दर वेळी भूकंपाचं वाक्य लिहिते. आता नाही लिहिणार. दुकानाची फरशी जागच्या जागी होती. मीच स्टुलावर बसून कुठेतरी खाली चालले होते. ब्रश माझ्या तोंडात होता आणि तो काढायचं मला सुचत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी कार्ड बादलीवर धरलं. "हे आणि हे तुम्हाला एक दिसतंय?"

बाबांनी कार्डाकडे बघितलं, बादलीकडे बघितलं. मग माझ्याकडे. आयुष्यात त्यांनी मला कधी रंग विचारला नव्हता. मी विचारायचे, कसा झालाय, आणि ते म्हणायचे, झकास.

"तू सांग," ते म्हणाले. "कुठला आहे?"

मी हिरवा म्हणाले असते तर दोघं खोटे ठरलो असतो. तरी ते तोंडात आलं होतं, खरंच सांगते. मग ब्रश काढून मी म्हटलं, "गुलाबी."

बाबांचा चेहरा उतरला असं म्हणणार नाही. तो थांबला, घड्याळ थांबतं तसा. ते आत गेले, फळीच्या कडेवरून बोट फिरवत खाचा मोजल्या आणि सातव्या बरणीवर हात ठेवून उभे राहिले.

"बरण्या नुसत्या पुसल्यास," त्यांनी विचारलं, "की जागा पण बदलल्यास?"

"बदलल्या," मी म्हटलं. "छान दिसाव्यात म्हणून."

डॉक्टरीणबाईंना यातलं काय कळलं देव जाणे. त्या म्हणाल्या, "हे बघा, अंधार पडायच्या आत माझा हिरवा माझ्या दवाखान्यात हवा. नाहीतर मी मालकांशी बोलेन." आणि गेल्या.

बाबांनी दार अर्धं लोटलं. मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला दिसत नाही?"

"दिसतं की. हिरवा-तांबडा तेवढा वेगळा दिसत नाही. दोन्ही आपले मातकट. दाखव बरं, हिरवी कुठली?"

मी चौथी बरणी दाखवली. ते तिच्याकडे असं बघत होते, जणू ती पहिल्यांदाच भेटतेय.

"मालकांना माहीत आहे?"

"रंगाच्या दुकानात रंग न दिसणारा माणूस कोण ठेवेल? मी जागेवर चालतो, बाळ. वहीत आकडे, फळीवर जागा. डोळा फसवतो, जागा नाही फसवत." मग म्हणाले, "आजपर्यंत नव्हती फसवली."

वहीतल्या सगळ्या नोंदी अशाच होत्या. तिसऱ्यातून दोन, नवव्यातून अर्धं. कुठली बरणी कुठे होती ते लिहिलेलं कुठेच नव्हतं, कारण लिहायची गरजच कधी पडली नव्हती. बाबांना आकडे पाठ, रंग नाही. मला रंग दिसतात, आकडे ठाऊक नाहीत. दोघांच्या मध्ये नऊ बरण्या लख्ख चमकत उभ्या होत्या.

"आधी कशा होत्या, आठवतंय?" बाबांनी विचारलं.

आठवत नव्हतं. तांबड्याशेजारी काळा, एवढंच. मी तो चिखल म्हणून टाकून दिला होता. आणि टाकून दिला हे आठवल्याबरोबर मी टोपलीकडे झेपावले. वर केळ्याची साल होती. खाली माझं चुरगळलेलं पान. मी ते काउंटरवर सपाट केलं. नऊ बरण्या, त्यांच्या नऊ कुरूप जागांवर, खाली दात.

मी एकेक बरणी उचलून पानावरच्या जागी ठेवत गेले आणि बाबा खाचा मोजत मागे आले. सातव्या जागी हिरवी बसली. बाबांनी नवी बादली घेतली, चार मापं घातली, ढवळलं. मी वाकून बघितलं. हिरवा. कार्ड धरलं, कार्ड कुठे संपतं ते कळेना.

बादली आम्ही दोघांनी कडी धरून दवाखान्यात नेली. डॉक्टरीणबाईंनी कार्ड लावलं आणि म्हणाल्या, "आता कसं." मग जरा ओशाळल्या. "मघाशी रागाच्या भरात मालकांना फोन करून बसले हो. म्हणाले, सोमवारी बघतो."

घरी आल्या आल्या बाबा हात धुवायला गेले. मी आईला स्वयंपाकघरात गाठलं.

"तुला माहीत होतं?"

तिने माझ्याकडे बघितलं आणि गॅस बारीक केला. "लग्नाआधीपासून. बघायला आले तेव्हा एका पायात हिरवा मोजा होता, एका पायात तपकिरी. मला वाटलं, मुलगा हौशी दिसतोय."

"आणि मला कुणीच का नाही सांगितलं?"

"तू चालता चालता बोलतेस, बोलता बोलता सगळ्या गल्लीला सांगतेस. आणि तू हातात ब्रश घेतलास तेव्हा तेच म्हणाले, पोरीला नको सांगायला. आपली चित्रं बापाला कळत नाहीत असं वाटेल तिला."

मी पुस्तक उघडलं. टोमॅटो. मोज्यांच्या गाठी. सोललेले तेलखडू. भिंत तुमची, डोळे तुमचे. पानामागून पान, मीच सगळी कुलपं उघडून ठेवली होती आणि वर विनोदी ओळी लिहिल्या होत्या. हे पुस्तक पहिलीच्या वर्गात लागणार होतं. मालकांची नात पहिलीत होती. या पुस्तकामुळे बाबांचं काम जाऊ शकत होतं आणि ते पुस्तक मी केलं होतं, मान ताठ करून.

मी पहिलं पान फाडायला धरलं. बाबांनी माझा हात धरला. ते कधी येऊन बसले, कळलंच नव्हतं.

"वाच बघू," ते म्हणाले.

मी वाचलं. टोमॅटो कानाशी धरलेल्या चित्राला ते इतके हसले की खोडरबर पळत आली. मला हसू आलं नाही.

"बाबा, फळ्याशेजारी लावलेलं माझं चित्र. तुम्ही झकास म्हणाला होतात."

"होतंच."

"तुम्हाला दिसलं तरी का ते?"

"रेघ दिसते की. चिडलेली असलीस की पेन्सिल दाबतेस, कागदाच्या मागून बोट फिरवलं तरी लागते. खूश असलीस की रेघ कागदाबाहेर पळते. त्या चित्रात पळत होती." त्यांनी पुस्तक पालथं केलं. "शेवटचं पान कोरं का?"

"सुचलं नाही अजून."

"मग मला दे."

रविवारी सकाळी बाबा जमिनीवर पालथे पडून चित्र रंगवत होते. मी फक्त रेघा काढून दिल्या, गवत आणि त्यात पडलेले टोमॅटो. कागद सोललेले तेलखडू त्यांनी स्वतःच निवडले आणि मी तोंडावर हात ठेवून बसले. गवत तपकिरी झालं. टोमॅटोही झाले, त्याच खडूने. खोडरबर जवळ आली, बघितलं आणि गंभीरपणे म्हणाली, "बाबा, टोमॅटो दिसतच नाहीयेत."

"मलापण," बाबा म्हणाले.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी धावत दुकानात गेले. मालक काउंटरवर होते. बाबा समोर उभे होते आणि दोघांच्या मध्ये माझं पुस्तक उघडं होतं. ते बाबांनी माझ्या दप्तरातून सकाळीच काढून घेतलं होतं. शाळेत मी बाईंना सांगितलं होतं की घरी राहिलं. राहिलं नव्हतं, गेलं होतं.

"हा बादलीसारखा गोल मीच का?" मालकांनी मला विचारलं. मी मान हलवली. ते हसत पानं उलटत होते. मोज्यांच्या पानावर हसू बारीक झालं. गिऱ्हाइकाच्या पानावर गेलं. शेवटच्या पानावर त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

"हे कुणी रंगवलं?"

"मी," बाबा म्हणाले.

मालक उठले आणि लगेच एका बंद बादलीवर बसले. "म्हणजे शनिवारी त्या बाई..."

"खरं बोलत होत्या."

"बावीस वर्षं?"

"बावीस."

"माझ्या घरच्या भिंती?"

"कार्ड वहिनींनी निवडलं होतं."

मालकांचा हात उगाचच पेन शोधत होता आणि पेन कानावर होतं. एकाएकी ते उठले, कार्डांच्या गठ्ठ्यातून पाच कार्डं उपसली आणि काउंटरवर आपटली. "कर."

बाबांनी वही उघडली. पाच लहान डबे. तिसऱ्यातून एक, आठव्यातून अर्धं. हात कुठे अडला नाही. मालक एकेक डबा दारात नेऊन उन्हात कार्ड धरत होते. पहिला. दुसरा. चौथ्यापर्यंत मी नखं संपवली. पाचवा डबा घेऊन ते दारातच उभे राहिले, पाठमोरे.

"मी डोळ्यांनी करतो तेव्हा दहात दोन चुकतात," ते शेवटी म्हणाले, रस्त्याकडे बघत. "उद्या बोलू."

त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. आईने मोज्यांच्या सगळ्या जोड्या काढून गाठी तपासल्या, एकही सुटलेली नसताना. मी चित्र काढायला बसले आणि प्रत्येक रेघ कागदात रुतली.

दुसऱ्या दिवशी मी बाबांच्या आधी दुकानात पोचले. शटर अर्धं वर होतं. मालक फळीसमोर खुर्चीवर चढून उभे होते, बाह्या दुमडलेल्या, नाकावर पांढरा ठिपका. नऊही बरण्यांवर त्यांनी पांढऱ्या रंगाने हाताएवढे आकडे काढले होते. एक, दोन, तीन. सात जरा ओघळला होता.

"बापाला सांग, झाकण ठोकायच्या आधी यापुढे मी बघणार, नाहीतर गिऱ्हाईक बघेल. दोघांपैकी एकाने बघितल्याशिवाय बादली बाहेर जाणार नाही," ते खुर्चीवरून म्हणाले. "आणि तू. या बरण्यांना परत हात लावलास तर तुला तानापिहिनिपाजात बुडवून वाळत घालीन."

"हो काका."

"आणि पुस्तकात माझं पोट जरा कमी कर. नात बघणार आहे."

मी काउंटरवर राहिलेलं पुस्तक दप्तरात सरकवलं. "काका, ते नाही जमणार," मी म्हटलं. "पुस्तकात सगळं खरं आहे."